फ्लशिंगचं क्वेकर सभाघर: बांधकामाचं साल ठरवण्याच्या नोंदी

१७ मार्च २०२४, रविवार

न्यू यॉर्क शहरातल्या फ्लशिंगमध्ये आमच्या मंडळाची वारसा-फेरी असते. तिचं माहितीपत्रक या वर्षी मराठीत करायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. फेरीचा रस्ता सरळ आहे. बाउन स्ट्रीटवरच्या गणपतीच्या देवळातून निघायचं, त्याच रस्त्यावरचं जॉन बाउनचं घर बघायचं आणि नॉर्दर्न बुलेवार्डवरच्या क्वेकर (शांत बसून उपासना करणारा ख्रिस्ती पंथ) सभाघरापाशी थांबायचं. सभाघराबद्दल जुन्या इंग्रजी पत्रकात दोनच वाक्यं होती: बांधकाम १६९४, न्यू यॉर्क राज्यातलं सर्वांत जुनं प्रार्थनास्थळ; तेव्हापासून अखंड वापरात.

मी तीच वाक्यं मराठीत उतरवून काकांना दाखवली. काकांची सगळी नोकरी मुंबईत बांधकाम खात्यात गेली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "१६९४ म्हणजे नक्की काय गं? भूमिपूजन, आढं चढवलं तो दिवस, की वास्तुशांत?"

प्रश्न अगदी रास्त आहे. सभाघराबद्दल वाचताना चार साल वेगवेगळ्या ठिकाणी भेटतात: १६९२, १६९४, १७१६ आणि १७१९. पत्रकात एकच आकडा छापायचा तर तो कशाचा, हे ठरल्याशिवाय पुढे जायचं नाही असं ठरवलं. मुलं फेरीला येणार आहेत. त्यांनी घरी जाऊन जे सांगायचं ते खरं असायला हवं.

२५ मार्च, सोमवार

आज धुळवड. संध्याकाळी रंग उतरवून बसले.

आधी मागची बाजू नीट लावून घेतली, कारण सभाघर एवढ्या उशिरा का बांधलं हे कळल्याशिवाय सालाला अर्थ नाही. फ्लशिंग हे डचांच्या वसाहतीतलं इंग्रजांची वस्ती असलेलं गाव. गव्हर्नर पीटर स्टायव्हेसंट याने क्वेकरांना आसरा देणाऱ्यांवर बंदी घातली. तिच्या विरोधात २७ डिसेंबर १६५७ रोजी गावातल्या तीस जणांनी निवेदनावर सह्या केल्या. सही करणारे स्वतः क्वेकर नव्हते, हे मला फार मोठं वाटतं. दुसऱ्याच्या प्रार्थनेसाठी त्यांनी तुरुंग ओढवून घेतला. निवेदन लिहिणारा गावचा कारकून एडवर्ड हार्ट तर खरोखरच आत गेला. तो कागद आज ऑल्बनीला राज्याच्या अभिलेखागारात आहे. १९११च्या कॅपिटॉलच्या आगीत त्याच्या कडा जळाल्या, मजकूर वाचला.

जॉन बाउनने १६६१च्या सुमारास घर बांधलं आणि त्यात क्वेकरांच्या सभा भरू दिल्या. १६६२मध्ये त्याला पकडलं, दंड भरायला तो तयार होईना म्हणून हद्दपार केलं. तो हॉलंडला पोचला आणि डच वेस्ट इंडिया कंपनीपुढे त्याने आपली बाजू मांडली. कंपनीने १६६३मध्ये स्टायव्हेसंटला कळवलं की लोकांच्या सदसद्विवेकावर जबरदस्ती नको. १६६४च्या सुरुवातीला बाउन घरी परतला. त्याच वर्षी डचांची सत्ताच गेली आणि इंग्रज आले.

म्हणजे १६६४ पासून १६९४ पर्यंत तीस वर्षं सभा बाउनच्या घरीच चालल्या. क्वेकर पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स १६७२मध्ये इथे आला तेव्हा घरात माणसं मावेनात, म्हणून समोरच्या ओकच्या झाडांखाली सभा घ्यावी लागली. जागेची गरज तेव्हापासूनची. तरी जमीन घेतली ती १६९२मध्ये, जॉन बाउन आणि जॉन रॉडमन यांनी.

जमिनीचं साल १६९२. काकांच्या भाषेत हे भूमिपूजनही नाही, हे खरेदीखत.

९ एप्रिल, मंगळवार (गुढीपाडवा)

सकाळी गुढी उभारली, शके १९४६ सुरू झालं. दुपारी सभाघराच्या तारखेकडे वळले आणि पाडव्याच्या दिवशी नेमका पंचांगाचाच प्रश्न पुढे आला.

सभाघरातल्या पहिल्या नोंदलेल्या सभेची तारीख म्हणून २४ नोव्हेंबर १६९४ दिली जाते. १६९४ या आकड्याचा खरा आधार ही तारीख आहे. पण क्वेकरांच्या जुन्या दफ्तरात 'नोव्हेंबर' हा शब्द सहसा सापडायचा नाही. महिन्यांची आणि वारांची रूढ नावं रोमन आणि नॉर्स देवांवरून आली म्हणून ते लोक ती वापरत नसत. पहिला महिना, दुसरा महिना, पहिला दिवस, सातवा दिवस असं आकड्यांनी लिहीत. आणि इंग्लंडात व तिच्या वसाहतींत तेव्हा कायदेशीर वर्ष १ जानेवारीला सुरू होत नव्हतं, २५ मार्चला होत होतं. त्यामुळे क्वेकरांचा पहिला महिना म्हणजे मार्च. नोव्हेंबर हा नववा, जानेवारी अकरावा, फेब्रुवारी बारावा. १७५२मध्ये इंग्रजांनी पंचांग बदललं, २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आणला, तेव्हापासून क्वेकरांचाही पहिला महिना जानेवारी झाला.

हे माहीत नसेल तर घोटाळा कुठे होतो ते मी कागदावर मांडून पाहिलं. 'नवव्या महिन्याचा २४वा दिवस' कोणी आजच्या हिशोबाने वाचला तर तो सप्टेंबर होईल. सभाघर दोन महिने आधीच उघडलं असं वाटेल. त्याहून वाईट गत वर्षाच्या टोकाची. १६९४च्या अकराव्या महिन्यात लिहिलेलं टिपण आपल्या गणतीने जानेवारी १६९५चं असतं. साल लिहिणाऱ्याने १६९४ लिहिलं ते बरोबरच लिहिलं, पण ते जसंच्या तसं उचलणाऱ्याचं एक वर्ष चुकतं.

मराठी माणसाला यात परकं काही नाही. मोडी कागदांवरचा शुहूर सन (मराठेशाहीत चालणारी अरबी धाटणीची वर्षगणना) मृग लागला की बदलतो, इसवी सन काढायला त्यात वर्षाच्या कोणत्या भागात आहोत ते पाहून ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. शकात ७८ की ७९, हेही महिना बघूनच. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ की वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९, हा वाद ऐकत आपण मोठे झालो. टिळकांनी १९१६मध्ये जेधे शकावली (जेधे घराण्याकडची शिवकाळाची सालवार टिपणं) छापली तिथून तो कुठे कुठे गेला हे आपल्याला ठाऊक आहे. फ्लशिंगचा प्रश्न लहान आहे, पण जात तीच.

आणखी एक मजेची गोष्ट. डच वसाहतीत नवं ग्रेगोरियन पंचांग चालत होतं. १६६४मध्ये इंग्रज आले आणि त्यांनी जुनं ज्युलियन आणलं. म्हणजे त्याच गावातले तेच लोक एका राजवटीत दहा दिवस पुढे होते, दुसऱ्या राजवटीत दहा दिवस मागे गेले. म्हणून १६५७चं निवेदन आणि १६९४ची सभा या दोन तारखा एका पट्टीवर मांडताना सांभाळायला हवं. २४ नोव्हेंबर १६९४ हा आजच्या पंचांगाने ४ डिसेंबर येतो.

वार काढला. शनिवार. दोनदा पडताळून पाहिला, शनिवारच. क्वेकरांचा सातवा दिवस. नेहमीची उपासना पहिल्या दिवशी, म्हणजे रविवारी. तेव्हा दफ्तरात आलेली ही सभा त्या आठवड्याची नेहमीची प्रार्थना दिसत नाही. कामकाजाची किंवा मोठ्या वर्तुळाची सभा असावी, आणि म्हणूनच ती लिहून ठेवली गेली असावी. रविवारी नुसतं शांत बसून उठणाऱ्या माणसांनी त्याची नोंद कशाला ठेवावी? माझं मत असं झालं की २४ नोव्हेंबर ही वरची मर्यादा आहे: या दिवसापर्यंत छप्पर पडलं होतं, माणसं आत बसू शकत होती. उद्घाटनाची तारीख ती नव्हे. पत्रकात 'उद्घाटन' शब्द येता कामा नये.

१४ एप्रिल, रविवार

काकांना पाडव्याची नोंद वाचून दाखवली. शनिवारचा मुद्दा त्यांना फार आवडला. म्हणाले, पुढच्या रविवारी मला घेऊन चल, लाकूड बघायचंय.

२१ एप्रिल, रविवार

सात नंबरच्या गाडीने शेवटच्या स्टेशनला उतरलो आणि मेन स्ट्रीटच्या गर्दीतून सभाघराकडे गेलो. इमारत रस्त्याकडे पाठ करून उभी आहे. दर्शनी बाजू दक्षिणेला, दफनभूमीकडे. रस्त्यावरून जाणाऱ्याला ती बंद वखारीसारखी वाटते. आत आवारात वळून गेल्यावर तिचं तोंड दिसतं. लाकडी चौकटीची दुमजली आयताकृती इमारत, वर उंच चौपाखी छप्पर. मनोरा नाही, घंटा नाही, क्रूस नाही. आत वेदी नाही, व्यासपीठ नाही, नुसती बाकं.

उपासना संपेपर्यंत आम्हीही मागच्या बाकावर गप्प बसलो. काकांसारखा बोलका माणूस इतका वेळ शांत बसलेला मी पहिल्यांदा पाहिला. नंतर तिथल्या एका वयस्क बाईंनी आम्हाला इमारत दाखवली. काकांनी त्यांना विचारून खांबाला हात लावला.

तुळया ओकच्या, चाळीस फूट लांब, एकेका झाडातून एकसंध काढलेल्या. रंधा फिरलेल्या लाकडासारख्या त्या सपाट नाहीत. उजेड तिरका पडला की पृष्ठभागावर उथळ, आडवे टवके दिसतात. प्रत्येक टवका म्हणजे रुंद पात्याच्या कुऱ्हाडीचा एक घाव. बोट फिरवलं की एका घावाची कड संपून दुसऱ्याची सुरू झालेली लागते. काका हळूच म्हणाले, "वाकसाने तासलेलं आमच्या कोकणातल्या घरात असंच लागतं."

मग त्यांनी मुद्द्याचं सांगितलं. हातकामावरून काळ ठरवायचा तर इथे ते फारसं कामाला येणार नाही. लाकडावर गोल करवतीचे वळणदार ओरखडे असते तर काम एकोणिसाव्या शतकातलं म्हणता आलं असतं. यंत्राने कापलेले खिळे अमेरिकेत १७९०च्या दशकापासून आले, तारेचे खिळे त्याच्याही नंतर. लोहाराने घडवलेला, चारी बाजूंनी निमुळता खिळा असेल तर तो त्याआधीचा धरायला हरकत नाही. पण आपला प्रश्न १६९४ की १७१९ एवढाच आहे. त्या पंचवीस वर्षांत कुऱ्हाड तीच, खिळा तोच, सुतार कदाचित तोच किंवा त्याचा मुलगा. हत्याराच्या खुणा शतक सांगतील, दशक नाही.

मी थडग्यांचं विचारलं. कधी कधी आवारातल्या सर्वांत जुन्या थडग्यावरून इमारतीचा अंदाज येतो. इथे तेही नाही. नाव कोरलेला दगड उभा करणं क्वेकरांना मानवत नसे, त्यामुळे १८४८ पर्यंत इथल्या कबरींवर खुणाच नाहीत. १६९५मध्ये गेलेला बाउनसुद्धा त्यातलाच. ज्याने सभेला तीस वर्षं घर दिलं, त्या माणसाला आपली स्वतंत्र इमारत जेमतेम वर्षभर मिळाली. तिथे उभं असताना हे मनात आलं आणि पुढचं काही क्षण सुचेना.

२८ एप्रिल, रविवार

पत्रकात मुलांसाठी एक चौकट द्यायची: लाकूड आपलं वय कसं सांगतं. आज ती लिहिली. मजकूर असा:

झाडाच्या खोडात दर वर्षी एक वलय वाढतं. पाऊस चांगला झाला तर रुंद, दुष्काळात अरुंद. एका प्रदेशातल्या एकाच जातीच्या झाडांत रुंद-अरुंद वलयांची ही ओळ सारखी येते. आज उभ्या असलेल्या झाडापासून सुरुवात करायची, त्याच्या आतली वलयं एखाद्या जुन्या घरातल्या तुळईच्या बाहेरच्या वलयांशी जुळवायची, त्या तुळईची आतली वलयं आणखी जुन्या तुळईशी, आणि असं करत मागे जायचं. तुळईतून पेन्सिलीएवढी कांडी काढली तरी पुरते. सालीखालचं शेवटचं वलय मिळालं तर झाड कोणत्या वर्षी तोडलं ते कळतं, कधी कधी ऋतूसुद्धा.

मुलांना जवळचं उदाहरण दिलं. जुलै २०१०मध्ये मॅनहॅटनला वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जागी खोदकाम चालू असताना जमिनीखाली जुन्या जहाजाचा सांगाडा सापडला. कोलंबिया विद्यापीठाच्या लॅमोंट-डोहर्टी वेधशाळेतल्या वृक्षवलय प्रयोगशाळेने त्याचं ओक तपासलं. वलयं फिलाडेल्फियाच्या इंडिपेंडन्स हॉलमधल्या लाकडाशी जुळली. झाडं १७७३मध्ये किंवा लगेच नंतर फिलाडेल्फियाच्या आसपास तोडलेली निघाली. आपण राहतो त्या शहरातली ही गोष्ट आहे.

चौकट काकांना पाठवली. त्यांनी फोन करून दोन गोष्टी घालायला लावल्या, आणि दोन्ही मोलाच्या आहेत. एक: चौरस तासताना सालीकडचा पांढरट भाग कुऱ्हाडीखाली जातो, त्याबरोबर शेवटची वलयंही जातात. म्हणून तपासणारा माणूस तुळईचा असा कोपरा शोधतो जिथे खोडाची गोलाई राहून गेली आहे. सुताराला जो कोपरा चुकार वाटला असेल तोच इथे सोन्याचा. दोन: वलय झाड कधी पडलं ते सांगतं, घर कधी उभं राहिलं ते नाही. ओक वाळला की कुऱ्हाडीला दाद देत नाही, त्यामुळे तो ओला असतानाच तासत आणि वर्षा-दोन वर्षांत उभा करत. पण पाडलेल्या गोठ्याची तुळई नव्या घरात घातली असेल तर वलयं घराला उगाच म्हातारं करतील. एका तुळईवर भिस्त ठेवायची नाही, चार ठिकाणच्या चार बघायच्या.

"आणि सभाघरासारखी वाढवलेली इमारत असेल," काका म्हणाले, "तर पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या तुळया वेगळ्या मोजायच्या. एकत्र केल्यास की संपलं."

५ मे, रविवार

काकांच्या त्या शेवटच्या वाक्यावर आठवडाभर विचार करत होते. मला वाटतं सगळ्या गुंत्याची गाठ इथे आहे.

१६९४मध्ये उभं राहिलं ते लहान होतं: आजच्या इमारतीचा पूर्वेकडचा सुमारे एक तृतीयांश भाग. पश्चिमेकडचा मोठा भाग १७१६ ते १७१९ या काळात वाढवला. आज समोर उभं राहून आपण जो लांब आयत आणि त्यावरचं एकसंध छप्पर बघतो, तो देह १७१९चा आहे. १६९४चं साल त्याच्या पोटात आहे. फलकावरचा आकडा खोटा नाही, पण बघणारा तो आकडा सगळ्या इमारतीला लावतो, आणि तिथे तो चुकीचा ठरतो.

वाढ का केली असेल? १६९५मध्ये न्यू यॉर्कची वार्षिक सभा न्यू इंग्लंडच्या सभेपासून वेगळी झाली आणि फ्लशिंगला भरू लागली. गावापुरती बांधलेली खोली. वर्षातून एकदा लाँग आयलंडभरची आणि पलीकडची माणसं तिथे यायची. वीस-बावीस वर्षं त्यांनी दाटीवाटीने काढली आणि मग भिंत पश्चिमेला सरकवली. मला हे कारण पटतं. १७१६ हेच साल आणखी एका गोष्टीचं आहे: फ्लशिंगच्या सभेतल्या विल्यम बर्लिंगने त्या सुमाराला गुलामगिरीविरुद्ध आवाज उठवायला सुरुवात केली होती. भिंती वाढत होत्या त्याच वर्षांत आत हा वाद चालू होता, हे फेरीत आवर्जून सांगायचं.

तुलनेसाठी मेरीलँडमधल्या ईस्टनचं थर्ड हेवन सभाघर पाहिलं. तेही क्वेकरांचं, तेही लाकडी. तिथे साल १६८२–८४ असं जोडून देतात. मला ही पद्धत आवडली. इमारत एका दिवसात होत नाही, मग आकडा एकच का असावा? मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगहॅमचं १६८१चं ओल्ड शिप सभाघरही अठराव्या शतकात रुंद झालं. या लाकडी इमारती वाढण्यासाठीच बांधल्या होत्या असं वाटतं: खाच आणि कुसूचा सांधा, वरून ओकची खुंटी. खुंटी ठोकून काढली की सांधा सुटतो, नवा खण जोडता येतो.

१२ मे, रविवार

सरकारी नोंदी बघून घेतल्या. इमारत १९६७मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून जाहीर झाली, १९७०मध्ये न्यू यॉर्क शहराने तिला संरक्षित वास्तू ठरवलं. पत्रकाला एवढं पुरे.

१९ मे, रविवार

मजकूर ठरला. काकांनी एक शब्दही बदलला नाही. पत्रकात असं जाईल:

"जमीन १६९२. पूर्वेकडचा मूळ भाग २४ नोव्हेंबर १६९४च्या आधी बांधून झालेला (त्या दिवशीची सभा ही इथली पहिली नोंदलेली सभा, तारीख जुन्या पंचांगाची, आजच्या हिशोबाने ४ डिसेंबर). पश्चिमेकडची वाढ १७१६ ते १७१९. आज दिसणारा आकार तेव्हाचा."

शीर्षकात साल '१६९४–१७१९'. मंडळातल्या एक-दोघांना एकच आकडा हवा होता, लक्षात राहायला सोपा म्हणून. मी नाही म्हटलं. ज्या मुलांना तीन-तीन पासवर्ड पाठ असतात त्यांना दोन साल जड जाणार नाहीत.

गणपतीच्या देवळाचंही तसंच केलं: प्राणप्रतिष्ठा ४ जुलै १९७७, आणि देवळापुढच्या रस्त्याला 'गणेश टेंपल स्ट्रीट' हे जोडनाव २०२२मध्ये. कोणती तारीख कशाची ते प्रत्येकीपुढे लिहिलं. बाउनच्या नावाच्या रस्त्यावर, तीस जणांनी सह्या केल्या त्या गावात आपलं देऊळ निर्धास्त उभं राहिलं, हे वाक्य मी पत्रकात सर्वांत वर घेतलं आहे.

२६ मे, रविवार

छपाईआधी शेवटचं वाचन. सभाघराच्या परिच्छेदात जुन्या पत्रकातून एक शब्दप्रयोग तसाच आला होता: "तेव्हापासून अखंड वापरात". तो काढला. अमेरिकन क्रांतीत, १७७६ ते १७८३ या काळात फ्लशिंग ब्रिटिश फौजेच्या ताब्यात होतं आणि त्यांनी सभाघर तुरुंग म्हणून, गवताची वखार म्हणून आणि इस्पितळ म्हणून वापरलं. शस्त्र न उचलणाऱ्यांच्या प्रार्थनाघरात कैदी ठेवले होते. हे लपवायचं कशाला? त्याऐवजी लिहिलं: "क्रांतियुद्धातली वर्षं वगळता आजवर उपासनेसाठी वापरात." फाइल छपाईला पाठवली.